गाण्याची राखण करणारे आकडे



गणित आणि गाणे यांचा काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. गणित म्हणजे बाजारहाट, बँकेचे पुस्तक आणि शाळेतील पाढे. गाणे म्हणजे मन मोकळे करण्याची जागा. मी पुष्कळ वर्षे शाळेत गणित शिकवले, आधी मुंबईत मराठीतून आणि नंतर येथे इस्राएलमध्ये हिब्रूतून. दोन्ही भाषांतील जुनी गीते पाहताना माझे एक मत झाले आहे. आपल्या वाडवडिलांची गीते इतकी वर्षे टिकली ती नुसती गोड होती म्हणून नव्हे. ती मोजून रचलेली होती म्हणून टिकली. मोजून रचलेल्या वस्तूतून काही हरवले तर ते कळते. न मोजता ठेवलेल्या वस्तूतून काय गेले ते कोणालाच कळत नाही.

हे आज सांगण्याला कारण आहे. आपली कीर्तनाची पदे, मलिदाच्या वेळची गीते, हळदीला आणि पाळण्याला म्हणायची गाणी आता मोजक्या लोकांच्या स्मरणात उरली आहेत. कोणाला पहिली दोन कडवी येतात, कोणाला फक्त ध्रुपद. मधला एखादा शब्द निसटलेला असतो आणि तेथे आपण नुसते गुणगुणून पुढे जातो. हा निसटलेला शब्द शोधायला गणित कसे उपयोगी पडते, ते या लेखात पाहू. त्यासाठी बेरीज आली म्हणजे पुरे.

मोजणारे ते सोफेर

हिब्रूत सामेख, पे, रेश या तीन अक्षरांचा एक धातू आहे. त्यापासून "मिस्पार" म्हणजे आकडा, "लिस्पोर" म्हणजे मोजणे, "सेफेर" म्हणजे ग्रंथ, "सिप्पूर" म्हणजे गोष्ट आणि "लेसापेर" म्हणजे सांगणे. मोजणे आणि गोष्ट सांगणे ही दोन्ही कामे एकाच धातूत आली आहेत. तोराहची प्रत लिहिणाऱ्याला आपण "सोफेर" म्हणतो. प्राचीन विद्वानांना सोफेरीम हे नाव का पडले, याचे कारण तल्मूदच्या किद्दुशीन भागात दिले आहे. ते तोराहची अक्षरे मोजत असत, म्हणून ते सोफेरीम.

पुढे तिबेरियाच्या मासोरा-पंडितांनी हे काम फार काटेकोरपणे केले. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी त्यातील ओव्यांची, म्हणजे पसूकांची, संख्या नोंदवण्याची पद्धत त्यांनी सांभाळली. बेरेशीथचे पसूक १,५३४. पाचही पुस्तकांचे मिळून ५,८४५. आज आपल्या सेफेर तोराहमध्ये ३,०४,८०५ अक्षरे आहेत. त्यातील एक अक्षर गळाले तरी ती गुंडाळी दुरुस्त होईपर्यंत वाचनाला चालत नाही.

विचार करा, छापखाना नव्हता तेव्हा एका माणसाने दुसऱ्या प्रतीवरून हाताने तीन लाख अक्षरे उतरवायची. डोळा चुकणार, हात चुकणार. काम संपल्यावर सगळे पुन्हा ताडून पाहायचे म्हणजे केवढे कष्ट. पण प्रत्येक भागाची संख्या माहीत असली की कोणत्या भागात घोटाळा आहे ते लवकर सापडते. आपल्या आया-आज्या धुवायला दिलेले कपडे मोजून देत आणि मोजून घेत, तसेच हे आहे.

आलेफपासून ताव पर्यंत

मोजणीची दुसरी युक्ती म्हणजे अक्षरांची रांग. तिशा बेआवचा उपास, ज्याला आपले जुने लोक बिरड्याचा सण म्हणत, त्या दिवशी आपण एखा वाचतो. तिचे पाच अध्याय आहेत. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात २२ पसूक आहेत आणि ते हिब्रूच्या २२ अक्षरांनी ओळीने सुरू होतात. तिसऱ्या अध्यायात प्रत्येक अक्षराला तीन पसूक आहेत, म्हणून तेथे ६६. पाचव्यात पुन्हा २२ पसूक आहेत, पण अक्षरांची रांग नाही.

मिश्लेच्या शेवटच्या अध्यायातील सद्‌गुणी स्त्रीचे वर्णन, जे शब्बाथच्या रात्री म्हटले जाते, तेही २२ पसूकांचे आणि आलेफ ते ताव असे आहे. तेहिल्लीमचा ११९ वा अध्याय सर्वांत मोठा. त्यात प्रत्येक अक्षराला आठ पसूक, म्हणजे २२ गुणिले ८, एकूण १७६. येथे अनेक कुटुंबांत अझकाराच्या वेळी मृत व्यक्तीच्या नावातील अक्षरांप्रमाणे त्यातले पसूक म्हणतात, ते या रांगेमुळेच शक्य होते.

मलिदाच्या ताटाभोवती बसून आपण एलियाहू हन्नाबीचे नाव घेतो. शब्बाथ संपल्यावर म्हणायचे त्यांच्या नावाचे जुने पियूट सिद्दूरमध्ये आहे, ते एकदा डोळ्यांसमोर धरून पाहा. त्यातील ओळी "ईश" या शब्दाने सुरू होतात. पण प्रत्येक ओळीतील दुसऱ्या शब्दाचे पहिले अक्षर पाहिले तर पहिल्या ओळीत आलेफ, दुसऱ्या ओळीत बेथ, तिसऱ्यात गिमेल, चौथ्यात दालेत अशी रांग लागलेली दिसेल. ओळ विसरली तर पुढचे अक्षर कोणते ते ठाऊक असते, आणि अक्षर ठाऊक असले की शब्द जिभेवर येतो.

काही कवींनी याच पद्धतीने आपले नाव गुंफले आहे. सफेदच्या श्लोमो अल्कबेत्स यांनी सोळाव्या शतकात रचलेल्या लेखा दोदीच्या पहिल्या आठ कडव्यांची आद्याक्षरे जुळवली की "श्लोमो हालेवी" हे नाव मिळते. याह रिब्बोनच्या पाच कडव्यांतून "इस्राएल" हे कवीचे नाव निघते. कडव्यांचा क्रम बदलला किंवा एखादे कडवे गाळले, तर नाव मोडते आणि चूक उघडी पडते.

अश्रेतील रिकामी जागा

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण. तेहिल्लीमचा १४५ वा अध्याय आपण अश्रेमध्ये रोज तीन वेळा म्हणतो, सकाळी दोनदा आणि मिनहाला एकदा. तोही आलेफ ते ताव असा आहे. पण त्याचे पसूक मोजले तर २२ नव्हे, २१ भरतात. मेमनंतर एकदम सामेख येते. नूनचा पसूक नाही.

हे आपल्याला कसे कळले? केवळ रांगेमुळे. हे स्तोत्र साध्या गद्यात असते तर येथे काही कमी आहे अशी शंकाही कोणाला आली नसती.

तल्मूदच्या बेराखोथ भागात रब्बी योहानान यांनी याचा विचार केला आहे. ते म्हणतात, आमोस संदेष्ट्याचे इस्राएलच्या पतनाबद्दलचे वचन नूनने सुरू होते, म्हणून दाविदाने येथे नून टाळला. आणि त्याच चर्चेत पुढे हेही दाखवले आहे की लगेच येणारा सामेखचा पसूक पडणाऱ्यांना देव सावरतो असे सांगणारा आहे. पतनाचे अक्षर मोकळे ठेवले आणि सावरण्याचे अक्षर त्याच्या पाठोपाठ आले. किती सुंदर विचार आहे पाहा.

पुढे १९५६ साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या अकराव्या गुहेत तेहिल्लीमची एक गुंडाळी सापडली. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. तिच्यात १४५ वा अध्याय आहे आणि त्यात नूनचा पसूक आहे! प्राचीन ग्रीक भाषांतरातही तसा पसूक आढळतो. आणखी एक गंमत अशी की त्या गुंडाळीत प्रत्येक पसूकानंतर देवाची स्तुती करणारी तीच ती ओळ पुन्हा येते. म्हणजे आपल्या कीर्तनात जसे ध्रुपद येते, तसे ध्रुपदच की!

मग हा पसूक मूळचा, की रिकामी जागा पाहून कोणीतरी मागाहून रचलेला? विद्वानांत यावर एकमत नाही. काही म्हणतात, तो मूळचा होता आणि नकलताना गळाला. काही म्हणतात, तो नंतर भर घातलेला आहे. अक्षर बरोबर, जागा बरोबर, त्यामुळे नुसती रांग पाहून हे ठरवता येत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा; पुढे आपल्या पदांबद्दल बोलताना तो कामी येणार आहे. आपल्या प्रार्थनेत मात्र ती जागा रिकामी ठेवली गेली. नूनने सुरू होणारा एक पसूक रचणे आपल्या विद्वानांना काही अवघड नव्हते. तरी त्यांनी तो घातला नाही.

अभंगाची बावीस अक्षरे

आता मराठीकडे येऊ. १८८० च्या सुमारास मुंबईत आपल्या लोकांनी कीर्तन सुरू केले. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे हिंदू कीर्तनकारांच्या पद्धतीने, मराठी पदांत बसवून सांगितली. त्यामुळे कथा तनाखची आणि साचे मराठी छंदांचे, असा संगम झाला. अभंग, ओवी, साकी, दिंडी, आर्या हे ते साचे.

मोठ्या अभंगाचा साचा अगदी सोपा आहे. चार चरण, पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. अक्षर ऱ्हस्व आहे की दीर्घ हे येथे पाहायचे नाही, आणि जोडाक्षर एकच धरायचे. कोणाचे पद घेण्याऐवजी नमुन्यासाठी मीच चार चरण जुळवले आहेत. विषय आपल्या नवगावच्या किनाऱ्याचा:

सागराच्या काठी । नाव ती फुटली ।
आशा न तुटली । एकाचीही ॥

बोटांवर मोजा. सा-ग-रा-च्या-का-ठी, सहा. ना-व-ती-फु-ट-ली, सहा. आ-शा-न-तु-ट-ली, सहा. ए-का-ची-ही, चार. एकूण २२.

(हिब्रूची अक्षरे २२ आणि अभंगाचीही २२, असे कोणी म्हणेल. हा योगायोग आहे. आकडे जुळले म्हणजे त्यामागे गुपित असतेच असे नाही, हे गणिताच्या शिक्षकाने सांगितलेले बरे.)

आता समजा, हे पद पन्नास वर्षांनी कोणी असे म्हटले: "सागराच्या काठी, नाव फुटली". दुसऱ्या चरणात पाचच अक्षरे भरली. म्हणजे एक अक्षर गळाले. कोणते ते अजून ठाऊक नाही, पण कुठे आणि किती ते कळले.

दुसऱ्या कोणी म्हटले, "आशा न मोडली". अक्षरे सहाच आहेत, मोजणीने चूक सापडली नाही. पण "फुटली" आणि "मोडली" यांचे यमक नीट बसत नाही. जे मोजणीतून सुटले ते यमकाने पकडले.

तिसऱ्याने म्हटले, "आस न तुटली". येथे अक्षरेही सहा, यमकही बरोबर. "आशा"चे "आस" झाले आणि दोन्ही पहारेकऱ्यांना पत्ता लागला नाही. तेव्हा मोजणी पुष्कळ चुका पकडते, पण सगळ्या नाही. ज्या ठिकाणी पहारे जास्त, तेथे चोरी कमी, इतकेच.

साकीच्या अठ्ठावीस मात्रा

अधिक कडक पहारा हवा असेल तर मात्रा मोजतात. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. ऱ्हस्व अक्षरानंतर जोडाक्षर आले आणि त्याचा आघात मागे पडला, तर त्या ऱ्हस्वाच्याही दोन. या हिशोबात "आशा"च्या चार मात्रा होतात आणि "आस"च्या तीन. अभंगात जी चूक सुटली ती मात्रावृत्तात लगेच सापडली असती.

दिंडीच्या एका चरणात ९ आणि १० मिळून १९ मात्रा. साकीच्या चरणात १६ आणि १२ मिळून २८. साकीचाही एक नमुना जुळवून देतो:

शब्बाथाचा दीप लाविता, घर हे उजळुन गेले

"शब्बाथाचा" यात "श" ऱ्हस्व असला तरी पुढच्या "ब्बा"मुळे त्याच्या दोन मात्रा, मग ब्बा, था, चा यांच्या दोन-दोन, एकूण आठ. "दीप लाविता" म्हणजे २, १, २, १, २, पुन्हा आठ. झाल्या सोळा. "घर हे उजळुन" म्हणजे १, १, २, १, १, १, १, आठ. "गेले" चार. झाल्या बारा. एकूण २८.

आता तबला किंवा ढोलकी आणा. धुमाळीचा ठेका आठ मात्रांचा असतो. वरची ओळ ८, ८, ८ आणि ४ अशी पडते. शेवटी चार मात्रांचा विसावा घेतला की ३२ झाल्या, म्हणजे ठेक्याची चार आवर्तने पुरी. गाणारा श्वास घेतो तोही मोजलेला असतो. एखादी मात्रा कमी-जास्त झाली तर ज्याला गणित मुळीच येत नाही त्याची टाळीसुद्धा अडखळते. कान हिशोब करतो, आपल्याला कळत नाही एवढेच.

या ओळीत एक बारीक गोष्ट आहे. शुद्धलेखनाप्रमाणे "उजळून" असे दीर्घ लिहायला हवे. मी मुद्दाम "उजळुन" लिहिले, कारण दीर्घ केले तर मात्रा २९ होतात आणि ओळ ठेक्याबाहेर जाते. जुन्या पदांच्या वह्यांत असे ऱ्हस्व-दीर्घ पुष्कळ दिसेल. कृपया ते "सुधारू" नका. लिहिणाऱ्याला शुद्धलेखन येत नव्हते असे समजण्यापूर्वी मात्रा मोजून पाहा.

दहा अक्षरांत आठ गण

ज्यांनी मराठी माध्यमातून शिक्षण घेतले त्यांना "यमाताराजभानसलगं" हे सूत्र आठवत असेल. मुंबईच्या सर एली कदुरी शाळेत किंवा कोकणातल्या एखाद्या शाळेत ते घोकताना त्यात एवढे गणित आहे असे आपल्याला कोणी सांगितले नव्हते.

लघू आणि गुरू अशी दोन प्रकारची अक्षरे. तीन-तीनचे गट करायचे. पहिल्या जागी दोन पर्याय, दुसऱ्या जागी दोन, तिसऱ्या जागी दोन. दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ. म्हणून गण आठच, सात नाहीत आणि नऊही नाहीत. आठ गणांची प्रत्येकी तीन अक्षरे वेगवेगळी लिहिली तर २४ अक्षरे पाठ करावी लागतील. हे सूत्र फक्त दहा अक्षरांत काम भागवते. "यमाता" हा य गण, एक अक्षर पुढे सरका, "मातारा" हा म गण, आणखी एक सरका, "ताराज" हा त गण. असे शेवटच्या "सलगं"पर्यंत गेलात की आठही गण एकेकदा येतात. एकही गण दोनदा येत नाही, एकही सुटत नाही. गंमत म्हणजे शेवटची दोन अक्षरे काढून उरलेली आठ गोल मांडली तरी हेच घडते. अशा रांगांना आज गणितात डी ब्रॉइन यांचे नाव आहे. या डच गणितज्ञाने १९४६ साली त्यांवर लेख लिहिला.

मात्रांचेही असेच. चार मात्रांची जागा एक आणि दोनच्या अक्षरांनी किती प्रकारे भरता येईल? २-२, २-१-१, १-२-१, १-१-२ आणि १-१-१-१, पाच प्रकारे. तीन मात्रांची तीन प्रकारे, दोनची दोन प्रकारे. प्रत्येक आकडा हा मागच्या दोन आकड्यांची बेरीज: १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४. कारण सोपे आहे. शेवटचे अक्षर लघू असेल तर त्याआधी एक मात्रा कमी भरायची असते, गुरू असेल तर दोन कमी. गुजरातेतील जैन आचार्य हेमचंद्र यांनी इसवी सन ११५० च्या सुमारास हा नियम छंदांसाठीच सांगितला. युरोपात ही संख्यामाला इटलीच्या फिबोनाची यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचा ग्रंथ १२०२ चा. नातवंडे येथील शाळेत "फिबोनाची" शिकून आली तर त्यांना सांगा की आपल्याकडे लोक त्याआधी गाण्यासाठी हाच हिशोब करत होते.

खिशातील उदाहरण

ही मोजणी जुनी झाली असे समजू नका. आपल्या प्रत्येकाच्या तेऊदत जेहूतवर नऊ आकड्यांचा मिस्पार असतो. त्यातील शेवटचा आकडा "सिफरत बिकोरेत", म्हणजे तपासणीचा आकडा. तो पहिल्या आठांवरून काढलेला असतो. रीत अशी: पहिल्या आकड्याला १ ने गुणा, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला १ ने, चौथ्याला २ ने, असे पुढे. गुणाकार दोन आकडी आला तर त्याचे दोन आकडे मिळवा. सगळ्यांची बेरीज करा. शेवटचा आकडा असा ठेवतात की एकूण बेरीज दहाच्या पाढ्यात यावी.

नमुन्यासाठी १२३४५६७८ घेऊ. येतात १, ४, ३, ८, ५, ३, ७, ७, बेरीज ३८. चाळीस व्हायला दोन कमी, म्हणून नववा आकडा २. आता कुपत होलीमच्या खिडकीवर घाईत कोणी २ आणि ३ ची अदलाबदल करून १३२४५६७८२ असे लिहिले, तर बेरीज ४१ होते आणि कॉम्प्युटर तो मिस्पार घेत नाही. अभंगातील यमक जे काम करते, तेच हा नववा आकडा करतो. थोडा जास्तीचा भार सोबत घ्यायचा, म्हणजे हरवलेले सापडते.

आता आपण काय करावे

हे सगळे सांगण्याचा हेतू एवढाच की आपल्या स्मरणात जे आहे ते उतरवून ठेवताना ही मोजणी वापरावी. माझ्या काही सूचना आहेत.

१. पद प्रथम जसे आठवते तसेच म्हणा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. मध्येच थांबून दुरुस्ती करू नका. चुकीसकट आलेली आठवणही मोलाची आहे.

२. मग लिहिताना प्रत्येक चरण वेगळ्या ओळीवर लिहा आणि शेवटी अक्षरांचा, जमल्यास मात्रांचा, आकडा टाका. चार-पाच कडव्यांचे आकडे एकाखाली एक आले की साचा आपोआप दिसू लागतो. ज्या ओळीचा आकडा वेगळा, तेथे काहीतरी निसटले आहे.

३. चालीचे नाव अवश्य लिहा. जुन्या पदांच्या पुस्तकांत वर "चाल" म्हणून दुसऱ्या गाण्याचा उल्लेख असतो, तो त्या पदाचा साचाच असतो. टाळी कोणत्या अक्षरावर पडते तेथे लहानशी खूण करा.

४. तेच पद दुसऱ्या गावच्या माणसाकडूनही ऐका. दिमोनाच्या आजीचे आणि अश्दोदच्या काकांचे विस्मरण बहुधा एकाच शब्दावर होत नाही. दोन अर्धवट आठवणी साच्यात शेजारी ठेवल्या की बरेचदा एक पुरे पद तयार होते.

५. नातवंडांसाठी पद हिब्रू अक्षरांत लिहिणार असाल तर एक काळजी घ्या. हिब्रू लिपीत आपला ऱ्हस्व-दीर्घ भेद दाखवता येत नाही; "दिन" आणि "दीन" एकच होतात. म्हणजे पदाच्या मात्राच पुसल्या जातात. म्हणून प्रत्येक अक्षराखाली १ किंवा २ लिहा. आकडे नातवंडांना वाचता येतात, आणि तेवढ्यावर त्यांना ठेका धरता येईल.

६. सगळे करूनही शब्द सापडला नाही तर जागा रिकामी ठेवा आणि किती अक्षरे कमी आहेत तितके ठिपके द्या. आपल्या मनाने शब्द घालू नका, मग तो कितीही चपखल बसो.

ही शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती पाळायला सर्वांत अवघड. आपल्यातील अनेकांना शब्द जुळवता येतात. सहा अक्षरे आणि एक यमक बसवणे फारसे कठीण नाही. पण अश्रेचा नून आठवा. भर घातलेली जागा आणि मूळची जागा यांत फरक करणे पुढे कोणालाच जमत नाही, दोन हजार वर्षांनी विद्वानांनाही जमलेले नाही. उलट रिकामी जागा प्रामाणिक असते. ती सांगते की येथे दोन अक्षरांचा एक शब्द होता, आणि त्याचे यमक अमुक होते. उद्या एखाद्या घरात, एखाद्या ट्रंकेच्या तळाशी, आजीच्या हातची वही निघाली तर तो शब्द बरोबर त्या जागेत जाऊन बसेल.

हे काम एकट्याने होणारे नाही. प्रत्येकाने आपल्याला येणारे एक पद घ्यावे, वयाचा आणि दृष्टीचा विचार करून एखाद्या नातवाला किंवा सुनेला लिहायला बसवावे, आणि सणाच्या आधीच्या एखाद्या संध्याकाळी अर्धा तास द्यावा. मराठी न येणाऱ्या नातवाला अर्थ कळणार नाही, पण तो बोटांवर सहा, सहा, सहा, चार मोजू शकेल. त्याला अर्थ विचारावासा वाटला तर तो आपल्याकडेच येईल, आणि तेव्हा सांगायला आपण येथे आहोत.

शालोम.